जेरियाट्रिक सायकियाट्रीत जाऊ का?

एमडी संपत आलंय, जेरियाट्रिककडे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या मानसिक आजारांकडे, वळू का, तिथे नुसता डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंश) असतो ना आणि रोज ते बघून आपणच खचत नाही का, असं विचारलंयस.

नुसता डिमेन्शिया अजिबात नाही रे. डिप्रेशन, संशय, दारू, वर्षानुवर्षं चाललेल्या झोपेच्या गोळ्या, साठी ओलांडलेले जुने बायपोलरवाले, सगळे येतात. आणि निम्मं काम तर मेडिसिनचंच. आजोबा परवापर्यंत ठणठणीत, काल रात्रीपासून भिंतीशी बोलताहेत, घरचे म्हणतात वय झालं आता. अचानक सुरू झालंय म्हटल्यावर आधी डिलिरियमच, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, धरायचा आणि त्याचं कारण शोधायचं: लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, कमी झालेलं सोडियम, बाथरूममध्ये पडून डोक्याला लागलेला मार.

मी पहिल्या भेटीला फाइलबरोबर घरातली गोळ्यांची पिशवीपण मागवतो, आणि सरळ टेबलावर ओततो. हात थरथरतो म्हणून कुणी ट्रायहेक्सिफेनिडिल दिलेली, झोपेसाठी दुसऱ्याने अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी तिसऱ्याने ऑक्सिब्युटिनिन, तिन्ही अँटिकोलिनर्जिक, म्हणजे म्हातारपणी विसराळूपणा वाढवणाऱ्या, आणि तक्रार काय तर बाबा विसरायला लागलेत! बीपीच्या थायझाइडवर डिप्रेशनची एस्सिटॅलोप्राम चढवली की सोडियम घसरतं ते वेगळंच. नवीन काही न लिहिता दोन गोळ्या हळूहळू काढून माणूस सुधारतो तेव्हा जाम भारी वाटतं.

स्मरणशक्तीच्या टेस्टिंगचं म्हणशील तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला शंभरातून सात वजा करायला लावून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगडच्या डिमेन्शियाच्या अभ्यासासाठी हिंदीत एचएमएसई ही वेगळी टेस्ट बनवली ती याच अडचणीपायी. मी विचारतो एकादशी कधी आहे, भाजीवालीला पन्नास दिले तर परत किती आले. डिप्रेशनवाल्या आजी 'नाही माहीत, नका विचारू' म्हणून मोकळ्या होतात, डिमेन्शियावाल्या बऱ्याचदा हसून सुनेकडे मान वळवतात, 'हिला विचारा, हिला सगळं ठाऊक'. त्या मान वळवण्यावर लक्ष ठेव.

डोकेदुखी म्हणजे मृत्युपत्राची सर्टिफिकिटं. मुलगा वकिलाला घेऊनच येतो, 'फक्त नॉर्मल आहेत एवढं लिहून द्या'. सगळ्यांना बाहेर काढायचं, अगदी वकिलालाही, आणि एकट्याशी बोलायचं: इस्टेट काय काय आहे, वारस कोण, कुणाला किती आणि का. डिमेन्शिया आहे म्हणजे मृत्युपत्र करताच येत नाही असं नसतं, आणि छान गप्पा मारल्या म्हणजे करता येतं असंही नसतं. लोक चिडतात, चिडू देत.

खचायचं म्हणशील तर डिमेन्शिया उतरत जातो हे खरंच आहे, पण म्हातारपणचं डिप्रेशन नीट ट्रीट केलं तर मस्त सुधारतं, जेवण सोडलेले पेशंट ईसीटीनंतर (विजेच्या शॉकची ट्रीटमेंट) स्वतःहून चहा मागतात. मला जास्त दमवतात ते नातेवाईक, 'रात्री झोपतील असं काहीतरी द्या'. डिमेन्शियात अँटिसायकॉटिकने (भास-भ्रमांवरच्या गोळ्यांनी) मृत्यूचा धोका वाढतो ही अमेरिकेच्या एफडीएची वॉर्निंग 2005 ची, तरी त्यातलीच क्वेटियापिन सर्रास वाटली जाते. पण रात्र रात्र जागणाऱ्या बायकोलाही नुसतं लेक्चर देऊन भागत नाही.

यातलं डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री, बेंगळुरूच्या निम्हान्सला आहे, लखनौच्या केजीएमयूला आहे, सीट्स मोजक्याच. पैसा कमी, कारण एका पेशंटला पाऊण तास जातो. काम मात्र कमी पडणार नाही, लासी-डॅड या डिमेन्शियाच्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजाने देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे 88 लाख.

ठरवायच्या आधी मेडिसिन वॉर्डातले डिलिरियमचे रेफरन्स स्वतःहून मागून घे, महिनाभरात कळेल जमतंय का. आणि मोठ्याने, सावकाश बोलायची सवय लाव, निम्म्यांचं कानाचं मशीन घरी कपाटात असतं.