प्रश्नोत्तरे : कागदी चाचणीसाठी 'बिग'चे अनुदान

प्रश्न : आमच्या गटाने कागदाच्या टिकलीवर सुकवलेल्या पेशीविरहित अर्कात (पेशी फोडून काढलेल्या, प्रथिने बनवू शकणाऱ्या द्रवात) टोहोल्ड स्विच, म्हणजे ठरावीक आरएनए भेटल्यावरच प्रथिन बनू देणारा आरएनएचा तुकडा, वापरून डेंग्यूचा आरएनए ओळखला आहे. शोधनिबंध तयार आहे. पुढच्या टप्प्याला पैसा कुठून मिळेल?
– एक संशोधक, पुणे

उत्तर : शोधनिबंध थोडा थांबवा आणि आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात. आधी छापलेत, तर नावीन्याचा दावाच हातातून जाईल.

या टप्प्याला बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) योजना नेमकी बसते : 50 लाखांपर्यंत अनुदान, मुदत 18 महिने, कंपनीत वाटा द्यावा लागत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातले व्हेंचर सेंटर तिची भागीदार संस्था आहे. मसुदा पक्का होण्याआधीच तिथे जाऊन बोला.

'जलद, स्वस्त, अचूक चाचणी विकसित करणे' हे उद्दिष्ट लिहू नका. परीक्षकाला त्यात मोजण्यासारखे काही सापडत नाही. रक्तद्रवात आरएनएच्या कमीत कमी किती प्रतींपर्यंत ओळख पटेल, आरटी-पीसीआरशी किती नमुन्यांत जुळेल, 40 अंशांना आठ आठवडे ठेवलेली टिकली चालेल का, हे आकड्यांत मांडा. कोणता आकडा आला तर काम थांबवाल, तेही लिहा. अशा अर्जावर आमचा तरी विश्वास जास्त बसतो.

खरी अडचण रक्तद्रवात येते. त्यातली आरएनेज विकरे (एन्झाइम) आरएनए चिरतात, म्हणून शुद्ध पाण्यातल्या निकालाला फारसा अर्थ नाही. विषाणूचा आरएनएही इतका विरळ असतो की स्विचला तो एकट्याने सापडत नाही. आधी 41 अंशांना नास्बाने (एकाच तापमानाला आरएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) तो वाढवावा लागतो. 2016 च्या, अशाच कागदी टिकलीवरच्या झिका विषाणूच्या चाचणीतही हेच करावे लागले होते. तेव्हा 'एका पायरीची चाचणी' असा दावा टाळा. शिवाय स्विच गळतो : लक्ष्य नसतानाही थोडे लॅकझेड (टिकलीचा रंग बदलणारे विकर) तयार होते आणि पिवळी टिकली उशिरा का होईना, जांभळी पडते. वाचनाची वेळ मिनिटांत बांधा आणि प्रत्येक नमुन्याशेजारी लक्ष्याविना टिकली ठेवा. अर्काची प्रत्येक खेप वेगळी वागते. निदान तीन खेपांचा खर्च धरा. पाकिटात ओल शिरली की टिकली वाया जाते, त्यामुळे फॉइलची पाकिटे आणि सिलिका जेलही अंदाजपत्रकात हवे.

आयात विकरांना कोरडा बर्फ आणि सीमाशुल्क लागते, माल अडकूनही पडतो. पहिल्याच हप्त्यात दुप्पट साठा मागवा. क्लोनिंगचे काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे, रुग्णांचे नमुने नैतिकता समितीपुढे न्यावे लागतात. दोन्ही अर्ज आजच टाका, नाहीतर 18 महिन्यांतले कित्येक महिने परवानगीची वाट पाहण्यातच जातील.