आठ लाखांचं कर्ज काढून पुण्यात बीसीए, की सोलापुरात राहून?

सोलापूरच्या एका दादांनी प्रश्न पाठवलाय. वय ५१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, पगार ४२ हजार. लेक यंदा बारावी सायन्स झाली, तिला कॉम्प्युटरला घालायचंय. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात बीसीएला जागा मिळतेय. फी वर्षाला १ लाख ६० हजार, हॉस्टेल आणि मेस १ लाख ३० हजार. बँक ८ लाख द्यायला तयार आहे, पण घराची कागदपत्रं मागते. हाताशी ३ लाखांची एफडी आहे, लेकीचं सुकन्या समृद्धीचं खातं आहे, त्यात ५ लाख ४० हजार जमलेत, आणि वहिनींचं आठ तोळे सोनं आहे. विचारतात, "कर्ज काढू की सोनं मोडू?"

दादा, माझं उत्तर आहे, दोन्ही नको. निदान या बीसीएसाठी नको. पुण्यावर खर्च करायची वेळ येईल, पण ती आज नाही, तीन वर्षांनी.

आधी कर्जाचं बघू. तीन वर्षांत ८ लाख टप्प्याटप्प्याने उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. ते अडीच लाख होतं. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर साडेदहा लाख. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १७,७०० रुपये, सगळे मिळून १५ लाखांच्या जवळ. नुसतं बीसीए करून बाहेर पडलेल्या पोरीला पहिल्या नोकरीत २२ हजार हातात पडतात असं धरा. पुण्यात खोली, डबा, पीएमपीचा पास काढून त्यातून १७ हजार कुठून देईल ती? मग बँक तुमच्याकडे येईल, कारण शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार असतोच. तुम्ही तेव्हा ५५ वर्षांचे असाल. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता साडेअकरा हजारांच्या आसपास उतरतो, पण शेवटचा हप्ता भरताना तुम्ही सत्तरीत असाल. निवृत्ती ५८ ला आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

घराची कागदपत्रं का मागितली तेही समजून घ्या. बँकांच्या सर्वसाधारण नियमात साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. वरच्या पन्नास हजारांसाठी तुम्ही राहतं घर बँकेत ठेवायला निघालात! हे वाचून मी दोन मिनिटं थांबले.

करात सूट मिळेल असं एजंट म्हणाला, त्याचाही निकाल लावू. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आहे हे खरं, पण ती जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत आता वर्षाला १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत करच बसत नाही. तुम्हाला कर नाही, तर वजावट कशातून घ्याल? पीएम विद्यालक्ष्मी योजनेत घराचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिकत असतानाच्या व्याजावर ३ टक्क्यांची सवलत आहे, पण ती सरकारी यादीतल्या संस्थांनाच. योजनेच्या पोर्टलवर त्या विद्यापीठाचं नाव शोधा, आणि दिसलं नाही तर विषय संपला.

आता शिक्षणाचं. बीसीए घ्या नाहीतर आपल्याकडचं बी.एस्सी. ईसीएस, म्हणजे एंटायर कॉम्प्युटर सायन्स, घ्या, पोरं शिकतात ते सी, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग, पुढे जावा आणि पायथन. डेटा स्ट्रक्चरमधली लिंक्ड लिस्ट पुण्यात वेगळी आणि सोलापुरात वेगळी नसते. कंपनीच्या परीक्षेत ॲप्टिट्यूड आणि कोडिंग विचारतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ सालचं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. तुमच्या पिढीला ते नवं वाटतं, पण पुढे एमसीए या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशाला दोन्हीकडच्या पदव्या सारख्याच धरतात. ब्रोशरवर १२ लाखांचं पॅकेज छापलंय म्हणता, तर त्यांना एवढंच विचारा: तो आकडा बीसीएच्या मुलाचा की इंजिनिअरिंगच्या? आणि बीसीएच्या वर्गातल्या मधल्या मुलाला किती मिळाले?

सोलापुरात उणं काय, तेही सांगते. इथे कॅम्पसला कंपन्या कमी येतात, आणि चारचौघांत इंग्रजीत बोलायची सवय लागत नाही. याला उपाय आहे, पण तो आपोआप होत नाही. दुसऱ्या वर्षापासून तिने पुण्यातल्या पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीला, जायलाच हवं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली तर संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं फुकट आहेत. विप्रोसारखी कंपनी बीसीए, बी.एस्सी.च्या मुलांना नोकरीत घेऊन स्वतःच्या खर्चाने एम.टेक. करवते. त्यात काही वर्षं कंपनी न सोडण्याचं बंधन असतं, ते वाचूनच सही करायची.

आता तुमचेच आकडे वेगळे मांडते. खर्चातून महिन्याला ११ हजार काढता येतील असं तुम्ही लिहिलंत. ईसीएसची फी तुम्ही चौकशी केलीत त्याप्रमाणे वर्षाला ३५ हजार, म्हणजे महिन्याला तीनेक हजार. उरलेल्या ८ हजारांचं रिकरिंग लावा. तीन वर्षांनी त्याचे ३ लाख १५ हजारांच्या पुढे होतील. सुकन्या खात्याला आज हात लावू नका. योजना २०१५ मध्ये आली त्याच वर्षी तुम्ही खातं उघडलंत, हे चांगलं केलंत. त्यात जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के व्याज आहे, तेही करमुक्त. महिन्याचे ३ हजार भरत राहिलात आणि दर असाच राहिला, तर तीन वर्षांनी तिथे ८ लाख असतील. शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येतात, म्हणजे ४ लाख. मात्र फीच्या कागदावर जेवढा आकडा तेवढेच मिळतात, मेसचे पैसे त्यातून निघत नाहीत. ते रिकरिंगमधून द्यायचे. हे सात लाख म्हणजे पुण्यात दोन वर्षांच्या एमसीएची सोय, बँकेच्या दारात न जाता. एफडी आजारपणासाठी तशीच राहील आणि वहिनींचं सोनं कपाटात राहील. लॅपटॉपची घाई नको, पहिल्या सहामाहीचं सी प्रोग्रामिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. दिवाळीच्या बोनसमधून घ्या.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "इंजिनिअरिंगची सीईटी दिलीय, पण चार वर्षं आणि लाखाची फी, म्हणून तो विचार सोडला." सोडू नका! जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित खासगी कॉलेजातसुद्धा. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ती लागू नाही, त्यामुळे पुण्याच्या त्या जागेला तिचा उपयोग शून्य. तुमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे. तहसीलचा उत्पन्न दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता, हे तीन कागद आत्ताच हातात घ्या. वैधतेला वेळ लागतो आणि त्याच एका कागदापायी घरात रडारड झालेली मी पाहिलीय.

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर किंवा आयटी कॅपमधून मिळालं, तर ईसीएसही बाजूला ठेवा आणि तेच घ्या. घरी राहून, शिक्षण शुल्क न भरता बी.टेक. होत असेल तर चौथं वर्ष जड जाणार नाही, पुढे एमसीएचाही खर्च वाचेल. नाही मिळालं, तर वरचा हिशेब आहेच.

पुण्याहून रोज फोन येतो, २५ हजार भरून जागा पक्की करा म्हणून. कॅपच्या फेऱ्या होईपर्यंत एक रुपया भरू नका. आणि दादा, दोन पानांच्या पत्रात लेकीला काय हवंय हे कुठेच नाही. आज रात्री जेवणं झाली की हे आकडे तिच्यासमोर ठेवा, व्याजाचे अडीच लाखसुद्धा. पुण्याला जायचंय ते मैत्रिणी चालल्यात म्हणून, की कोडिंग खरंच आवडतं म्हणून, तेही विचारा. ती काय म्हणाली ते मला कळवा.