महिन्याला ३०० युनिट वापर, महावितरणचं कनेक्शन: छतावर सोलर परवडेल का?

हो, परवडेल. पण ३ किलोवॅट घेण्याआधी २ किलोवॅटचा हिशेब करा.

१ किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरा, पावसाळ्यात बरेच कमी. २ किलोवॅटचे २४० युनिट वजा झाले की उरतात ६०, आणि ते सर्वांत स्वस्त, म्हणजे १०० पर्यंतच्या स्लॅबमध्ये. सोलरने आधी महागडे युनिट कापले जातात, खरी बचत तिथेच आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान मिळतं, तिसऱ्याला फक्त १८,०००. लवकरच एसी घेणार असाल तरच तिसरा घ्या.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणला दिलेले युनिट तुमच्या वापरातून वजा होतात त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात. ३१ मार्चला उरलेल्यांचे मात्र अगदी कमी दराने पैसे मिळतात. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम नको. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

सकाळी नऊ ते दुपारी तीन टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते का, हे स्वतः गच्चीवर जाऊन बघा. एका पॅनेलवरची सावली त्या स्ट्रिंगचं, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचं, उत्पादन खाली खेचते. आणि लाइट गेली की बॅटरीशिवायचा ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टरही बंद पडतो; लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ती सोय असते.