बोलेरोचा क्राऊन-पिनियन नवा टाकला, ॲक्सिलरेटर दाबला की मागून हूंऽऽ आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो चालवत राहा, बसेल. खरंच बसेल का?

नाही बसणार भाऊ. क्राऊन (मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) फॅक्टरीतूनच एकमेकांवर घासून जोडीने येतात, म्हणून तर दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. चुकीच्या जागी लागलेले दात चालवत राहिले तर तिथेच झिजतात आणि मग सेटिंग कितीही बरोबर करा, आवाज पूर्ण जात नाही. म्हणून लवकर खोला.

पण आधी आवाज नीट ओळखा. ॲक्सिलरेटर दिला की येतो न् सोडला की जातो, तर दात. पाय कुठेही असो, एकसारखी घरघर, तर बेरिंग. फक्त वळणावर येत असेल तर केजच्या (क्राऊन ज्यावर बसतो त्या डब्याच्या) आतले छोटे गिअर. तुमचं पहिल्यातलंच वाटून राहिलं.

मी वाडीला गॅरेजमध्ये हेच काम करतो. आवाजाची गाडी आली की बहुतेक वेळा दिसते काय, तर आधीच्या मेकॅनिकने हाताने क्राऊन हलवून प्ले (दातांमधली मोकळी जागा) पाहिला आणि झाकण लावून मोकळा झाला. पिनियन किती आत बसला ते कोणी पाहिलेलंच नसते, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. जुन्या पिनियनमागे जेवढ्या जाडीचा शिम (पातळ चकती) होता तेवढाच टाकून सुरुवात करा, पिनियनच्या डोक्यावर प्लस-मायनस आकडा असेल तर त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये पाहा, कारण तो सगळीकडे सारखा नसते. दरवेळी शिम बदलायला बेरिंग ओढून काढावं लागते, त्यात चांगलं बेरिंग खराब होते, म्हणून आम्ही त्याच नंबरचं जुनं बेरिंग आतून थोडं घासून ठेवतो, हाताने सरकते, ट्रायलपुरतं तेच.

मग क्राऊनचा प्ले. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) दातावर टेकवून तीन-चार जागी पाहा, बऱ्याच हलक्या गाड्यांत ०.१५ ते ०.२५ मिमी चालते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलचाच धरा. क्राऊनच्या दोन्ही बाजूंना शिम असलेल्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) ०.१० मिमीचा शिम इकडचा तिकडे केला की प्ले साधारण ०.०७ ने बदलतो. जागोजागी आकडा वेगळा येत असेल तर क्राऊनच वाकडा बसला, तो बसतो त्या फ्लँजवर कचरा किंवा बर (धातूची वर आलेली कड) असते.

आता खरा निकाल. चार-पाच दातांना मार्किंग पेस्ट लावा (आमचे जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून लावायचे, पण त्यात शिसं असते, हात धुवा बाप्पा), क्राऊनला लाकडाने जरा अडवून पिनियन दोन्हीकडे फिरवा. दाताच्या फुगीर बाजूचा ठसा ॲक्सिलरेटरवरचा, खोलगट बाजूचा सोडल्यावरचा. दोन्हीकडे ठसा मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, डोक्यामागचा शिम कमी करा. ठसा दाताच्या माथ्याकडे चढला तर शिम वाढवा. एकावेळी ०.०५ मिमीच्या आसपासच, आणि शिम बदलला की आधी प्ले परत लावायचा, मगच ठसा. उंचीत ठसा मधोमध पाहिजे, लांबीत थोडा आतल्या टोकाकडे असला तरी चालते, दातांच्या कडेला मात्र लागू नये.

शेवटी पिनियन बेरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेरिंगवर आधीच ठेवलेला दाब. बरेच जण नट किती आवळला त्यावरून ठरवतात, पण मोजायचं असते ते पिनियन फिरायला किती जड आहे ते, सील न लावता. मीटरचा पाना नसेल तर पिनियनच्या फ्लँजला (जिथे शाफ्ट जोडतो) दोरी गुंडाळून रद्दीवाल्याच्या स्प्रिंग काट्याने ओढा, ४ सेंमी त्रिज्येवर ५ किलो म्हणजे साधारण २ न्यूटन मीटर. नव्या बेरिंगला बऱ्याच गाड्यांत एवढंच लागते, वापरलेल्याला जवळपास निम्मं. दोन बेरिंगमध्ये दबणारा स्पेसर (नळी) असेल तर नट थोडा थोडा आवळा, जास्त गेला तर सैल करून परत आणायचा नाही, स्पेसर नवा टाका.

गिअर ऑइल जीएल-५ दर्जाचं, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. पहिल्या दिवशी रिकामी गाडी कोराडीपर्यंत नेऊन आणा, हाउसिंग पूर्ण गार होऊ द्या, मग परत एक चक्कर, मे महिन्यात तर संध्याकाळीच काढा. ट्रॉली-बिली ओढू नका, ८०० किमीच्या आसपास ऑइल बदला. आणि मेकॅनिकला खोलायला सांगाल तेव्हा ठशाचा फोटो मागा, फोटो द्यायला टाळून राहिला तर दुसरीकडे न्या.