मोटर गेली, पोरं काठ्या घेऊन शिवारात

प्रश्न : आमचं गाव बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीच्या काठी. पावसाळा संपल्यापासून शिवारातल्या चार मोटरी आणि केबल चोरीला गेली. ठाण्यात गेलो, तर अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. आणला, तो ठेवून घेतला, पोचही दिली नाही. आता पोरं काठ्या घेऊन रात्री गस्त घालतात. परवा त्यांनी एका चादरी विकणाऱ्याला चोर समजून मारलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. गस्त बंद करू काय? – एक शेतकरी

उत्तर : गस्त बंद करू नका, काठ्या बंद करा. मी ३१ वर्षं पोलिस खात्यात होतो, त्यातली बरीचशी याच सीमाभागात. चोर मोकळा आणि गावची पोरं कोर्टाच्या तारखांना, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी गावातल्या चार जाणत्यांनी त्या चादरीवाल्याला भेटावं, माफी मागावी, औषधपाण्याचं बघावं. बाकीचं त्यानंतर.

डोळ्यांदेखत कुणी मोटर उचलत असेल तर त्याला धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. नुसत्या संशयावरून कुणाला अडवू नका, ११२ ला फोन लावा. गस्तीच्या पोरांची नावं आणि नंबर तुमच्या बीट पोलिसाकडे, म्हणजे तुमचं गाव ज्याच्याकडे नेमून दिलंय त्या पोलिसाकडे, लिहून द्या. रात्री फोन आला की कोण बोलतंय हे त्याला कळलं पाहिजे. नदीकडच्या वाटेला दिवे हवेत, ते ग्रामसभेत मांडा आणि ठराव लिहून घ्या.

आता तक्रारीचं. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. मराठीतच द्या. तोंडी सांगितलंत तरी पोलिसांनी लिहून घेऊन वाचून दाखवायचं असतं. कागद कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. मोटरीची किंमत बिलासकट लिहा. पाच हजारांच्या आतली चोरी दाखवली तर पोलिसांना आपणहून तपास करता येत नाही. चौकशीसाठी थांबा म्हणाले, तर वरिष्ठांच्या परवानगीने त्या चौकशीला १४ दिवसांची मुदत आहे. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलिस आयुक्तांना पाठवा. खानापूर, निपाणीकडच्या वाचकांनी ती जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवायची.

एक जुनी गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याने मोटरीच्या पायाच्या पट्टीवर छिन्नीने आपली तीन अक्षरं ठोकली होती. चोरांनी वरची कंपनीची पाटी उपटली, रंगही फासला. चंदगड तालुक्यातल्या एका भंगाराच्या ढिगात ती मोटर आम्हाला उलटी पडलेली सापडली. चिखल पुसला आणि अक्षरं दिसली. बाकी सात मोटरी तिथंच होत्या, पण कुणाच्या हे कुणालाच सांगता येईना. त्या ओळखीअभावी ठाण्याच्या आवारात गंजत पडल्या.

उरलेल्या मोटरींवर या आठवड्यातच अक्षरं ठोकून घ्या. वरच्या अंगाला नको, पायाच्या पट्टीवर. मग फोटो काढून बिलाबरोबर ठेवा.