शब्दशंका : मांजरे-कुत्री, आंधळा डोळा आणि देवळाली

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे धो धो पाऊस, हे तिला पाठ आहे. पण पावसात मांजरे-कुत्री कुठून आली, या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये ही जनावरे गवती छपरात झोपत आणि जोराच्या पावसात घसरून खाली पडत, असा मजकूर मोबाइलवर वाचला. हे खरे आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : खरे नाही. हा मजकूर १९९९ साली ई-मेलमधून पसरला आणि अजूनही फिरतो आहे. तो खोटा कसा, हे पटवून द्यायला तुम्हाला चिपळूणबाहेर जावे लागणार नाही. पावसाळ्यापूर्वी शाकारलेले घर ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना ठाऊक असते की गवत इतके दाबून बसवलेले असते की त्यात मांजराला शिरायला जागाच राहत नाही आणि पाणी वरच्या वर ओघळून पागोळ्यांनी अंगणात उतरते. शिवाय पाऊस लागला की कुत्रे छपरावर चढत नाही, पडवीत येऊन अंग झाडते.

जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या संवादांच्या पुस्तकात हा वाक्प्रचार आजच्याच रूपात आढळतो आणि पावसात पडणारी कुत्री-मांजरे त्याआधीच्या, सतराव्या शतकातल्या इंग्रजी लेखनातही आहेत. त्यांच्या उगमाचे एकही स्पष्टीकरण अभ्यासकांनी एकमताने स्वीकारलेले नाही, आणि मुलीला तेच सांगणे योग्य ठरेल. त्यासोबत तिला आपल्या ‘मुसळधार’ या शब्दाचीही फोड करून दाखवावी. मुसळाएवढी जाड धार, ही कल्पना उखळात भात कांडणाऱ्या घरांत जन्मली; उखळ-मुसळ कधीच न पाहिलेली मुलेही आज तो शब्द सहज वापरतात, त्याचप्रमाणे इंग्रज मुलेही आपली मांजरे-कुत्री वापरतात.

प्रश्न : मी अनुवादाचे काम करते. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ याला ‘आंधळा डोळा फिरवणे’ असे केलेले भाषांतर अलीकडे छापील मजकुरातही दिसते. ते चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या वाक्प्रचाराशी ब्रिटिश नौसेनानी नेल्सन याची कथा जोडली जाते. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरील काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ सेनानी हाइड पार्कर यांनी निशाणांद्वारे लढाई थांबवण्याची सूचना दिली, तेव्हा नेल्सनने दुर्बीण त्याच अधू डोळ्याला लावली आणि ‘मला निशाण दिसत नाही’ असे म्हणून तो लढत राहिला, असे सांगतात. प्रसंग नेमका असाच घडला का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

मराठीत यासाठी ‘कानाडोळा करणे’ हा तयार शब्द आहे आणि त्यातला ‘काना’ म्हणजे ऐकण्याचा कान नव्हे, तर ‘काणा’, म्हणजे एका डोळ्याने अधू. जुन्या कोशांत ‘काणाडोळा’ असेच रूप मिळते. इतका नेमका शब्द घरात असताना शब्दशः भाषांतर करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरी करतो. तिथे कुणी वेड्यासारखे वागले, तर ‘ही हॅज गॉन डूलाली’ असे म्हणतात. हे आपले देवळाली आहे, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : अगदी बरोबर आहे. मुंबईहून येणाऱ्या गाडीत नाशिकरोडच्या अलीकडे जे स्थानक लागते, तेच हे देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्कराने तिथे छावणी उभारली होती आणि हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. ही जहाजे साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपे, त्याला पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. कवायत नाही, मोहीम नाही, घर मात्र डोळ्यांपुढे; त्यात दारू आणि हिवताप यांची भर पडली, की काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागत. अशा शिपायाला ‘डूलाली टॅप’ झाला, असे त्याचे सोबती म्हणत.

यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. संपूर्ण शब्दप्रयोगाचा अर्थ ‘देवळालीचा ताप’ एवढाच आहे. शिपायांबरोबर तो इंग्लंडला पोहोचला, पुढे त्यातला ताप गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. आपल्याकडे ‘पानिपत झाले’ म्हणताना १४ जानेवारी १७६१ चा दिवस न सांगताही कळतो, कारण त्या दिवशी ज्यांची माणसे गेली तीच घरे मराठी बोलत होती. देवळालीत खोळंबलेले शिपाई मात्र आठवण आणि शब्द दोन्ही घेऊन दूर गेले. म्हणूनच नाशिकमध्ये जन्मलेल्या माणसालाही हा अर्थ इंग्लंडहून कळतो. हवापालटासाठी आजही माणसे मुद्दाम जिथे राहायला येतात, त्या गावाचे नाव वेडाशी जोडले गेले, याचे वाईट वाटते. भाच्याने आपल्या सहकाऱ्यांना नकाशावर ते गाव अवश्य दाखवावे.