नखांवरच्या रेघा: आधी मोजपट्टी लावा, गोळीचं नंतर बघू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४३, दोन्ही हातांच्या नखांवर उभ्या रेघा, अंगठ्यांवर शिवाय एकेक आडवी खाच. गणपतीत डेंग्यू होऊन आठवडाभर अंथरुणावर होता. आई म्हणते कॅल्शियम कमी झालंय, आणि मेडिकलवाल्यानं बायोटिन या जीवनसत्त्वाच्या १० मिलीग्रॅमच्या गोळ्या दिल्यात. सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, 'सोमवारी थायरॉईडची तपासणी आहे'. मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

त्या गोळ्या आजच थांबवा. मी डॉक्टर नाही, पण कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये ३१ वर्षं रक्त काढलंय, तेवढ्या अधिकारानं सांगतो. थायरॉईडच्या बऱ्याच चाचण्यांत मशीनच्या आत बायोटिनच चिकटवायला वापरलेलं असतं. गोळीतलं बायोटिन रक्तात भरपूर असलं की मशीन फसतं. टीएसएच (थायरॉईडला काम सांगणारं हार्मोन) खोटं कमी येतं, टी३-टी४ (थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स) खोटं जास्त येतं, आणि थायरॉईड ठणठणीत असलेल्या बाईच्या हातात थायरॉईड वाढल्याचा रिपोर्ट पडतो. हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही असा घोळ होऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता. थायरॉईडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा असं सांगतात, डोस मोठा असेल तर जास्त. शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, आणि तुमची एक गोळी १०,००० मायक्रोग्रॅमची! सोमवारी सुई टोचायच्या आधी लॅबमध्ये सांगा आणि डॉक्टरांनाही सांगा. तपासणी दोन-चार दिवस पुढं ढकलली तरी काही बिघडत नाही.

आता नखं. बोटाच्या टोकाला टोचून हिमोग्लोबिन बघायची पद्धत होती तेव्हापासून मी लोकांची बोटं हातात धरत आलोय. माणूस तोंडानं काही सांगायच्या आधी नखं दिसायची. तेव्हापासूनची सवय अशी, की रेघ दिसली की ती उभी आहे की आडवी हे आधी बघायचं. दोघींचं घराणंच वेगळं आहे.

उभ्या रेघा, म्हणजे मुळापासून टोकाकडं जाणाऱ्या, सगळ्या नखांवर थोड्याफार सारख्या असतील तर बहुतेक वेळा ते वय असतं. चाळिशीनंतर दिसायला लागतात, साठीत ठळक होतात. माझी स्वतःची नखं आता पन्हाळी पत्र्यासारखी आहेत. काहींना घराण्यातूनच येतात, आईची नखं बघा. त्यावर औषध नाही आणि लागतही नाही. रेघा घासून सपाट करायच्या भानगडीत पडू नका. पार्लरमध्ये बफर फिरवून चकचकीत करून देतात, पण तेवढं नख पातळ होतं आणि मग साडीच्या पदरात अडकून चिरतं.

आईंना सांगा, नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नख कडक असतं ते केराटिन नावाच्या प्रथिनामुळं. नखावरचे पांढरे ठिपके हेही कॅल्शियमचं काम नाही. बहुतेकदा मुळाशी कुठंतरी आपटलेलं असतं, ते आपल्याला आठवतही नसतं. लहानपणी आम्ही रंकाळ्यावर बगळ्यांची रांग दिसली की नखं नखांवर घासत त्यांच्याकडं पांढरी फुलं मागायचो. आली की वर्गात मिरवायचो. आता तीच फुलं दिसली की लोक मेडिकल गाठतात.

तुमची आडवी खाच मात्र बोलकी आहे. तिला 'बो रेषा' म्हणतात. जोसेफ बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं. मोठा ताप, टायफॉईड, डेंग्यू, कोविड, मोठं ऑपरेशन, केमोथेरपी, असं काही अंगावर आलं की नखाच्या मुळाचं काम काही दिवस मंदावतं. तेवढ्या दिवसांचं नख पातळ तयार होतं, आणि ती पातळ पट्टी खाच होऊन हळूहळू पुढं सरकते. आजार भारी असेल तर सगळ्या नखांवर दिसते, थोडक्यात निभावलं असेल तर नुसत्या अंगठ्यांवर.

आता मुलांच्या कंपासमधली पट्टी घ्या आणि मोजा. नखाच्या मुळाशी पातळ कातडी असते ना, तिच्या कडेपासून खाचेपर्यंत किती मिलीमीटर? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं, म्हणजे दिवसाला केसाच्या जाडीएवढं. नखाचं मूळ कातडीखाली दडलेलं असल्यामुळं खाच बाहेर दिसायलाच चार ते आठ आठवडे लागतात, ते त्यात मिळवायचे. समजा ६ मिलीमीटर भरलं. सहाचे दोन महिने, वर साधारण एक-दीड महिना, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी काहीतरी झालं होतं. आता डिसेंबर आहे. मागं मोजत जा, गणपती येतात की नाही? हिशेब जुळला तर खाच डेंग्यूची. तिला काही करायचं नाही, ती नखाबरोबर पुढं जाते आणि नेलकटरखाली संपते. पूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात, तेवढा धीर धरायचा. हिशेब अजिबात जुळत नसेल किंवा खाचा एकामागून एक येत असतील, तर मात्र डॉक्टरांपुढं हात ठेवा. एकाच बोटावर खाच असेल तर बहुधा दारात सापडलं असेल, हातोडी बसली असेल. लहान मुलांना हात-पाय-तोंडाचे फोड येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी नखं मुळापासून सुटतात. आया घाबरून जातात, पण खालून नवं नख येतंच.

इथं माझी एक फजिती सांगतो, कारण तुमच्या अंगठ्यांबद्दल ती शक्यताही आहे. लॅबला असताना माझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध खचलं आणि त्यावर आडव्या आडव्या घड्या पडल्या, अगदी धुणं घासायच्या खाचरी फळीसारख्या. चार महिने मी कॅल्शियम खाल्लं. फंगस असेल म्हणून मलमही चोळलं. मी, लॅबमधला माणूस! शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांकडं गेलो. ते प्रश्न विचारत होते, पण बघत होते माझ्या मांडीवरच्या हाताकडं. म्हणाले, "तुमचं दुसरं बोट काय करतंय बघा." तर्जनी त्याच हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी कातडी मागं ढकलत होती, कट कट कट. उजव्या डोळ्यानं मायक्रोस्कोपमध्ये पेशी मोजताना डाव्या हाताला लागलेला हा चाळा, वर्षानुवर्षं, मला पत्ता नाही. त्यांनी एक पैशाचं औषध दिलं नाही. अंगठ्याला मुळाशी चिकटपट्टी लावून ठेवा म्हणाले. सहा-सात महिन्यांत नख सपाट झालं. तुमच्या अंगठ्यावर एकच स्वच्छ खाच आहे की घड्यांची शिडी, ते बघा. शिडी असेल तर घरच्यांना विचारा, टीव्ही बघताना मी बोटांशी काय करते. त्यांना माहीत असतं.

तुम्ही लिहिलंय की भांडी-धुणं हातानंच करता. पाण्यात आणि साबणात सतत हात असले की मुळाशी असलेली ती पातळ कातडी सुटते, आत पाणी शिरतं, कडा सुजून लाल होते आणि नख वेडंवाकडं, लाटा आल्यासारखं वाढतं. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका, हॉटेलात कपबशा विसळणारी पोरं, गोठ्यात दोन वेळा धारा काढणारे, यांची नखं मी लांबून ओळखायचो. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीचा घाट घातल्यावर तर विचारूच नका. यावर उपाय स्वस्त आहे, पण कंटाळवाणा. आत सुती मोजे, वर रबरी मोजे, मग घासणी हातात. काम झालं की बोटांच्या बेचक्यांसकट हात कोरडे करून नखांच्या मुळाशी खोबरेल किंवा व्हॅसलीन. झोपताना पुन्हा एकदा. ती कातडी कापायची नाही, ढकलायची नाही, दातानं तर नाहीच. नेलपॉलिश लावा हवं तर, पण रिमूव्हर आठवड्यातून एकदाच, ॲसिटोन नख कोरडं करतं. दोन-तीन महिने नेमानं केलं की नखं चिरायची थांबतात. रेघा राहतील, त्या राहू देत.

लोहाचं बघून घ्या, कारण पाळी चालू असलेल्या बाईत ते कमी असणं फार सर्रास आहे. नख ठिसूळ होतं, जास्तच कमी झालं तर मधे खोल जाऊन चमच्यासारखं होतं. नखावर पाण्याचा थेंब सोडून बघा, ओघळायच्या ऐवजी वाटीत बसल्यासारखा थांबला तर लगेच तपासा. हिमोग्लोबिन (बाईला किमान १२ हवं) आणि त्याबरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), कारण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. आपल्याकडं गूळ-शेंगदाण्यावर फार भिस्त. खायला हरकत नाही, पण खरी कमतरता गुळानं भरून निघत नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच लागते. ती चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मटणातलं लोह अंगी चांगलं लागतं, पण त्यासाठी नुसता तांबडा-पांढरा ओरपून चालत नाही, फोडी खाव्या लागतात.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र घरात हिशेब करत बसू नका. एकाच नखावर नव्यानं उठलेली काळी-तपकिरी उभी पट्टी, रुंदावत जाणारी किंवा मुळाच्या कातडीवर उतरलेली. आपल्या वर्णाच्या लोकांत अशा पट्ट्या बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, पण कधीतरी तो कर्करोग असतो, आणि ते ठरवायचं काम तज्ज्ञाचं. टाचणीनं टोचल्यासारखे खळगे असतील तर सोरायसिस बघतात. नख पातळ होत जाऊन मुळाची कातडी त्यावर चढायला लागली तर लायकेन प्लॅनस हा त्वचारोग असू शकतो, त्यात उशीर केला तर नख कायमचं जातं. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली तर आधी छाती तपासायची. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, खाजगीतच गेलं पाहिजे असं काही नाही. कुणी नुसतं बघून 'फंगस आहे' म्हणत महिनोन्महिने गोळ्या लिहून दिल्या, तर आधी नखाचा कीस लॅबला द्यायला सांगा. त्यावर केओएच हे नख मऊ करणारं रसायन टाकून मायक्रोस्कोपखाली फंगस बघतात.

आणि पट्टी हातात घेतलीच आहे तर पायाच्या अंगठ्यांचीही नखं मोजा. ती हाताच्या निम्म्या वेगानं वाढतात. तिथं मुळाजवळ तशीच खाच सापडली, तर ती डेंग्यूचीच म्हणायची, आणि आईंच्या कॅल्शियमचं आपण दोघांनी मिळून काय करायचं ते बघू. हाताचं आणि पायाचं माप इथं लिहा.